उघाडीवरची बारी

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला कधी नीट सांगता आलेलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणते, "कंप्युटर राखती." आता खरं सांगायचं तर हे बरोबरच आहे. दिवसा मी रबाळ्याच्या एका कारखान्यातले कंप्युटर राखते, त्याचा पगार मिळतो. उरलेल्या वेळात जगभरच्या अनोळखी माणसांचे कंप्युटर राखते, त्याचं काहीही मिळत नाही. तरी जीव त्यातच जास्त अडकलाय.

हा दुसरा उद्योग म्हणजे एक फायरवॉल. आपलं नेट आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये बसणारं सॉफ्टवेअर. तुम्ही मागवलेलं ते आत सोडतं, न मागवलेलं दारातच अडवतं. आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे ते ज्या कोडचं बनलंय तो कोड सगळ्यांसमोर उघडा आहे. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. त्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी मला गाठून म्हणणार, मॅडम, तुमच्यामुळे माझा प्रिंटर चालत नाही.

आमच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा इतिहास म्हणून एक पान आहे. मीच लिहिलंय. त्यात पहिलंच वाक्य आहे की जुन्या प्रकल्पातला सुरू होतानाचा एक दोष दुरुस्त करून हा प्रकल्प वेगळा झाला. वाक्य खोटं नाही, पण त्यात झेंडूची माळ नाही, आणि माळेशिवाय हा इतिहास सुरूच होत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी होते आणि आम्ही जवळच्या बोनकोडे गावात भाड्याने राहायचो, अजूनही तिथेच राहतो. घरमालक काका तळमजल्यावर. त्यांची खाडीकाठी भातशेती होती. नवं शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा तीही गेली. मग त्यांनी राहत्या घरावर तीन मजले चढवले आणि आमच्यासारखे भाडेकरू भरले. माणूस कमी बोलणारा. त्यांच्या दोन सवयींची इमारतभर थट्टा चालायची. एक म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला ते भिंतीवरच्या कॅलेंडरात भरतीची वेळ बघायचे आणि त्या वेळी गच्चीवर जाऊन खाडीच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे. आता मध्ये इतक्या इमारती आहेत की खाडीची एक फट दिसते, तीही कोणी चादर वाळत घातली नसेल तर. दुसरी सवय दारामागच्या काठीची. पुरुषभर उंचीची, खालून काळी पडलेली काठी. तिला कोणी हात लावायचा नाही. एकदा त्यांच्या सुनेने त्या काठीने माळ्यावरचं सूप काढलं, तर दोन दिवस घरात अबोला होता.

सगळ्या इमारतीत मिळून एकच नेट घ्यायचं आणि वाटून वापरायचं, ही अक्कल माझी. नुकती नोकरीला लागले होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं. कारखान्यात भंगारात निघालेला एक कंप्युटर साहेबांना विचारून घरी आणला, त्यावर परदेशातल्या कोणा एकाने फुकट वाटलेली फायरवॉल बसवली आणि तो डबा जिन्याखाली, काकांच्या दाराला लागून ठेवला. काकांनी विचारलं, "काय गो बाय, यो डबा दिवसभर कसाला घुमतंय?" मी म्हटलं, काका, हा राखणदार आहे. ते फक्त "हां" म्हणाले.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. वडिलांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा, आईची विळी, माझे स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. एवढ्यावर थांबेल तर ती आई कसली. तिने जिन्याखाली जाऊन डब्यालाही कुंकू लावलं आणि वर झेंडूची भरघोस माळ घातली, ती नेमकी मागच्या पंख्यावरून. पंख्याने पाकळ्या आत ओढून घेतल्या आणि हळूहळू गप्प झाला. डबा तापला की बंद पडायचा आणि निवला की आपोआप सुरू व्हायचा, कारण वीज जाऊन आली तर माझ्यावाचून अडू नये म्हणून ती सोय मीच करून ठेवली होती. असं सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. दुपारी दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट खाली आले. त्यांच्या कंप्युटरवर परदेशी लॉटरीच्या जाहिराती एकीवर एक उघडत होत्या आणि बंद करावी तर दोन वाढत होत्या.

मी आईवर ओरडले. आई म्हणाली, "समद्यांच्या हत्यारांची पूजा केली, मग तुज्याच हत्यारानं काय घोडं मारलंय?"

पाकळ्या चिमट्याने काढत मी जिन्याखाली बसले होते. काका दारात खुर्ची टाकून बघत होते. मी स्वतःशीच बडबडत होते की पंखा बंद पडला हे ठीक, पण एजंटांच्या कंप्युटरला लागण कुठून झाली. डबा बंद असताना नेटही बंदच होतं. मग डबा सुरू होताना नीट बघितलं. आधी तो नेटची वाट मोकळी करत होता आणि नंतर अडवायचे नियम वाचत होता. मध्ये मिनिटभर सगळं सताड उघडं. काकांनी विचारलं म्हणून हे त्यांना सांगितलं.

काका म्हणाले, "म्हंजी आदी पानी आत येतं नि मंग दार लागतं? कोनी बांधली अशी उघाडी?"

उघाडी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खाडीकाठच्या शेताला मातीचा बांध असतो आणि बांधात एक लाकडी दार असतं, ती उघाडी. पावसाचं पाणी शेतातून खाडीत जाऊ द्यायचं, पण भरतीचं खारं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. काकांनी हाताचा पंजा आडवा करून दाखवला. "भरती चढली का पान्याच्या दाबानंच दार लागतं. मानूस नसला तरी लागतं. उघडाया मेहनत पडली पायजे, लागाया नाय."

मी हसले. मग हसणं थांबलं, कारण हा माणूस बरोबर बोलत होता आणि ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याला हे सुचलं नव्हतं. मी त्या फायरवॉलचा कोड उघडून वाचला. दोष खरंच तिथे होता. दुरुस्ती चार ओळींची निघाली. आधी सगळं बंद, मग नियम, मग लागेल तेवढंच उघडं.

दुरुस्ती मी मूळ माणसाला पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. महिन्याभराने त्यांच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, कोणी आहे का? तरी उत्तर नाही. तो माणूस कंटाळला होता, आजारी होता, की आणखी काही, कोणालाच माहीत नव्हतं. प्रकल्पात बदल करायच्या चाव्या त्याच्याकडे, आणि तो गायब. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. अरे बाबा, जायचं तर जा, पण सांगून तरी जा. शेवटी मी तो कोड उचलला, माझ्या चार ओळी घातल्या आणि नवं नाव देऊन जगापुढे ठेवला. ओपन सोर्समध्ये हे रीतसर चालतं.

पहिले काही महिने जगाने ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका डोंगराळ देशातल्या शाळामास्तरांचं पत्र आलं. शाळेतल्या कंप्युटरांसाठी त्यांनी आमची फायरवॉल बसवली होती आणि सात चुका सापडल्याचं अत्यंत नम्रपणे कळवलं होतं. माझा पारा चढला. सातही चुका खऱ्या निघाल्यावर उतरला. तेव्हापासून आमची मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोस्ती आहे. मग केरळातल्या एक प्राध्यापक बाई आल्या, मग आणखी लोक आले. छोट्या शाळा, दवाखाने, वाचनालयं, ज्यांना महागाचं काही परवडत नाही, असे लोक आमचं सॉफ्टवेअर वापरू लागले. काकांना मी अधूनमधून सांगायची. चुकांना ते खेकडे म्हणायचे. बांधात खेकडे बिळं करतात, बीळ बोटाएवढं असतं, पण उधाणाच्या भरतीला तिथूनच बांध फुटतो. "खेकडं गावलं का?" असं ते मला जिन्यात विचारायचे, आणि नवे भाडेकरू बिचारे आमच्याकडे बघत राहायचे.

आता किल्लीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की तिच्यावर एक मोहर उठवावी लागते. ती उठते एका गुप्त किल्लीने, आणि किल्ली म्हणजे खरं तर आकड्यांची लांबलचक रांग. ती मोहर असेल तरच लोकांचे डबे नवी आवृत्ती घेतात. नाहीतर कोणीही चोर आमच्या नावाने काहीही पाठवेल. ही किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये होती आणि पेनड्राइव्ह आमच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या रिकाम्या डबीत. तिथे कोण बघणार? आमच्या प्रत्येक आवृत्तीला हिंगाचा वास असतो, असं मी एकदा मास्तरांना गमतीने लिहिलं. त्यांनी हिंग म्हणजे काय ते विचारलं. ते समजावता समजावता माझी एक सुट्टीची दुपार गेली.

ही किल्ली एकट्या माझ्याकडे होती. मास्तरांनी दोन-तीनदा सुचवलं की ती आणखी कोणाकडे असावी, उद्या तुम्हाला काही झालं तर? मी दर वेळी म्हणायची, बघू. शेवटच्या वेळी चिडून लिहिलं, मला काही होत नाही. कारण सुरक्षेचं सांगितलं, जितके हात जास्त तितका धोका जास्त वगैरे. यात तथ्यही आहे. पण खरं कारण तेवढं देखणं नव्हतं. माझ्या मोहरेशिवाय पान हलत नाही, हे मला आवडायचं. कारखान्यात मी दहा जणांतली एक. घरात लग्न न झालेली मुलगी. त्या एका जागी मात्र सगळे माझी वाट बघायचे.

मग मला डेंग्यू झाला. दवाखान्यात दाखल केलं, पेशी उतरल्या, मला त्या दिवसांतलं फारसं आठवतही नाही. आईने माझा फोन घेऊन कपाटात टाकला. "त्यात बघून बघूनच ताप आलाय," हे तिचं निदान. डॉक्टरांनीही तिला विरोध केला नाही. नऊ दिवस मी जगाला नव्हते.

घरी आल्यावर फोन चार्ज केला आणि अंथरुणात पडूनच पत्रं वाचली. पहिल्या दिवशी मास्तरांचं पत्र होतं की फायरवॉलमध्ये मोठं भोक सापडलंय. त्याच दिवशी त्यांचंच दुसरं, दुरुस्ती तयार आहे, सोबत जोडली आहे, मोहर लावा. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक बाईंचं, दुरुस्ती तपासली, बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी, मॅडम, कुठे आहात? पाचव्या दिवशी भोकाची बातमी चोरांपर्यंत पोहोचली होती. सातव्या दिवशी कुठल्याशा लहान गावातल्या वाचनालयाचं पत्र. त्यांची सगळी पुस्तकांची यादी आणि सभासदांची नावं कोणीतरी आत शिरून पुसून टाकली होती. पत्रात राग नव्हता, शिवी नव्हती. खाली एवढंच लिहिलं होतं, कोणी आहे का?

ते तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ते माझेच होते. मला ढसाढसा रडू आलं, आणि आईला वाटलं ताप परत आला.

त्याच दुपारी हिंगाची डबी उघडली आणि मोहर लावून दुरुस्ती सोडली. वाचनालयाला माफीचं पत्र लिहिलं. मास्तरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट तब्येत विचारली. दोष दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं. आणि इतकं होऊनही, हे सांगायला लाज वाटते, मी ठरवलं काय? तर यापुढे फोन कायम उशाशी ठेवायचा. किल्ली द्यायची नाही.

दोन दिवसांनी काका तांदळाची पेज घेऊन वर आले. तीन मजले चढून. कॉटजवळ स्टूल घेऊन बसले आणि नेहमीसारखं विचारलं, "उघाडी काय म्हंते?"

मी सगळं सांगितलं. किल्लीचंही, मला ती का सोडवत नाही त्याचंही. काकांना सांगताना खोटं बोलावंसं वाटलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "उघाडीवर आमची बारी असायची. दर उधानाला एक घर."

बारी म्हणजे पाळी. अमावस्येचं उधाण एका घराने सांभाळायचं, पौर्णिमेचं पुढच्या घराने. ज्याची बारी त्याने भरतीच्या वेळी बांधावर जायचं, काठीने बांध टोचत चालायचं, बीळ लागलं की चिखलाने बुजवायचं, उघाडीत ओंडका अडकला असेल तर काढायचा. काम झालं की काठी पुढच्या घराच्या दाराला लावून यायचं. काठी दारात दिसली की समजायचं, आता बारी आपली. बोलावणं नाही, सांगणं नाही. कोणी आजारी असलं तर काठी आपोआप पुढच्या दारात जायची.

"ती दारामागची?" मी विचारलं.

"तीच. जमिनी गेल्या तवा बारी माजी हुती."

मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. जमिनी गेल्या त्या पावसाळ्यात गावात कोणी भात लावलं नाही. बांधामागे राखायचं असं काही उरलंच नव्हतं. काका उधाणाला बांधावर जाऊन आले आणि काठी शेजारच्या दाराला लावली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने ती परत आणून दिली आणि म्हणाला, आता कसली बारी? त्याच्या पुढच्या घराने घेतली नाही, त्याच्याही पुढच्याने नाही. काका तो सगळा पावसाळा, प्रत्येक उधाणाला, एकटे बांधावर गेले. लोक हसायचे. भराव पडेपर्यंत जात राहिले.

"मी येडा नव्हतो, बाय," ते म्हणाले. "काठी माज्याकडं हुती. घ्याया कोन आलाच नाय." आणि पुढे म्हणाले, "तुज्या दारात तं मानसं उबी हायेत. हात पुडं करून. तू दार लावून घेतलंस."

पेज निवत चालली होती. ते उठले आणि कठडा धरत हळूहळू खाली गेले. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

पुढच्या आठवड्यात किल्ल्या तीन झाल्या. एक मास्तरांकडे, एक प्राध्यापक बाईंकडे, एक माझ्या हिंगाच्या डबीत. आणि आम्ही बारी लावली. ज्याची बारी त्याने रोज पत्रं बघायची, खेकडे शोधायचे, मोहर लावायची. बारी अमावस्येला आणि पौर्णिमेला बदलते. प्राध्यापक बाईंना हे लगेच पटलं. मास्तरांनी मात्र विचारलं की महिन्याची एक आणि सोळा तारीख ठेवली तर काही बिघडेल का. मी लिहिलं, बिघडेल. आता ते चंद्र बघून कामावर येतात, आणि ढग असले तर मला पत्र लिहून विचारतात की आज कोणता दिवस. फायरवॉलची अशी बारी आणखी कुठे चालत असेल असं वाटत नाही.

पहिल्यांदा माझ्यावाचून नवी आवृत्ती निघाली तो दिवस एका अमावस्येचा होता. रविवार, दुपारची वेळ. जिन्याखालच्या डब्यावर, म्हणजे आता त्या जागी असलेल्या तिसऱ्या डब्यावर, नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसत होती. मी बनवली नव्हती. मी मोहर लावली नव्हती. मला कोणी विचारलंही नव्हतं. मग मी ती आवृत्ती घेतली, काय बदललंय ते वाचलं. काम चांगलं होतं, मी केलं असतं त्याहून नेटकं. मला आनंद झाला, पण मत्सर आधी झाला, हेही खरं.

काका दारात बसले होते. म्हणाले, "आज बारी कोनाची?"

मी म्हटलं, "माझी नाही, काका."

ते उठले, दारामागे गेले, आणि ती काठी घेऊन बाहेर आले. माझ्या हातात दिली. वाटली होती त्यापेक्षा जड होती, खालच्या काळ्या भागावर बारीक खाचा होत्या. "ही द्यायची रायली हुती," ते म्हणाले.

मी म्हटलं, नेते. काठी घेऊन तीन मजले चढले आणि आमच्या दाराला लावून ठेवली. आईने विचारलं, हे काय आणलंस, कुत्री हाकायला? मी म्हटलं, हात लावू नकोस.

भरती त्या दिवशी दुपारी होती. वेळ झाली तशी मीही गच्चीवर गेले. काका आलेच असतील असं वाटलं होतं. खाडीच्या त्या फटीत पाणी चढून चमकत होतं आणि गच्चीवर कोणी नव्हतं. खाली येऊन सुनेला विचारलं, काका बरे आहेत ना? ती म्हणाली, "हो की. जेवले आणि झोपलेत."

मी दारातून आत डोकावले. कॅलेंडरकडे पाठ करून ते गाढ झोपले होते.